विज्ञान शिक्षणातली पीएच.डी.: कोल्हापूरच्या शिक्षकाला कोणती वाट परवडते?

एम.एस्सी. बी.एड. झालेलं, हायस्कूलला नोकरी, आणि आता विज्ञान कसं शिकवावं यावरच डॉक्टरेट करायची इच्छा, असे शिक्षक कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर कुठेही भेटतात. त्यांच्यासाठी प्रत्यक्षात दोन दारं उघडी आहेत. एक घराजवळचं: शिवाजी विद्यापीठात शिक्षणशास्त्र विषयात नोंदणी करायची आणि प्रबंधाचा विषय विज्ञान अध्यापनातला घ्यायचा. दुसरं मुंबईत मानखुर्दला: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. तिथे पदवीच विज्ञान शिक्षणातली मिळते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नोकरी सांभाळून करायची असेल तर विद्यापीठच. पाच वर्षं पूर्ण वेळ देण्याची घरची आणि पैशाची सोय असेल तर मानखुर्दला तोड नाही. मात्र दोन्हीकडे प्रबंध अडकतो तो सहसा कागदपत्रांमुळे अडकत नाही. तो अडकतो मुलांना दिलेल्या चाचणीत. म्हणून या आढाव्यात नियम भरभर सांगितले आहेत आणि चाचणीवर जास्त वेळ घालवला आहे.

पात्रतेत दोन्ही वाटांमधला मोठा फरक असा. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) नियम सगळ्यांना आहे. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट. पण पदवी कोणत्या विषयाची, हा खरा प्रश्न. शिक्षणशास्त्रात नोंदणी करायची तर साधारणपणे एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र लागतं. नुसत्या एम.एस्सी. बी.एड.वर अर्ज भरणारे बरेच जण इथेच थांबतात, तेही परीक्षा फी भरून झाल्यावर. फी भरण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतला पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा. मानखुर्दला उलट आहे. तिथे एम.एस्सी. चालते, बी.एड. नसलं तरी चालतं. लेखी परीक्षा आणि मुलाखत यांवर निवड होते. भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र पक्कं असलेल्या, पण एम.एड. न केलेल्या शिक्षकाला ही वाट जवळची आहे. हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.

प्रवेशाचं गणित आता थोडं बदललं आहे. विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असेल तर निम्मे गुण संशोधन पद्धतीला आणि निम्मे विषयाला, पात्र व्हायला ५० टक्के, आणि अंतिम यादीत लेखीला ७० तर मुलाखतीला ३० टक्के भार. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशाला वापरता येतात, आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) न मिळालेल्यांना तिथेही भाराचं प्रमाण ७०-३०च. जेआरएफ न मिळता सहायक प्राध्यापक व पीएच.डी. किंवा फक्त पीएच.डी. या गटात पात्र झालात, तर ते गुण एकच वर्ष चालतात, हे विसरू नका. शिक्षणशास्त्र हा विषय यूजीसी-नेटमध्ये आहे, सीएसआयआर-नेटमध्ये नाही. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. ती नसेल तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

नोकरीत असलेल्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, आणि आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने ते स्पष्ट लिहून ठेवलं आहे. त्यासाठी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. या पत्रात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. शाळेच्या लेटरहेडवर ‘आमची काही हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र नेलं तर ते परत येतं. तिसरं वाक्य द्यायला संस्थाचालक कां-कूं करतात, कारण तेवढे दिवस तासिका कोण घेणार हा प्रश्न असतो. तो प्रश्न मुख्याध्यापकांशी आधी बोलून सोडवा, मग पत्र मागा. दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही. कुणी होते म्हणत असेल तर तिथून उठून यावं.

मार्गदर्शक निवडताना लोक ओळखीवर जातात. त्यापेक्षा यादीवर जावं. प्रत्येक विद्यापीठाने मार्गदर्शकांची नावं, त्यांच्याकडे असलेले विद्यार्थी, त्यांचे विषय आणि नोंदणीची तारीख संकेतस्थळावर ठेवायची आणि दरवर्षी ती माहिती ताजी करायची असा नियम आहे. या यादीतून तीन गोष्टी समजतात. जागा शिल्लक आहे का: प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिला असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचा विषय विज्ञान अध्यापनाचा आहे का. नसेल तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभागातले सहमार्गदर्शक घेता येतात. आंतरविद्याशाखीय कामासाठी नियमांत ती सोय आहे. ही सोय जरूर वापरा. शिक्षणशास्त्राचे मार्गदर्शक चाचणीची बांधणी तपासतील, पण ‘संवेग’ आणि ‘बल’ यांची गल्लत करणारा प्रश्न पकडायला भौतिकशास्त्राचा माणूसच लागतो.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं), पास व्हायला ५५ टक्के. त्यात संशोधन आणि प्रकाशनातली नीतिमत्ता हा २ श्रेयांकांचा भाग सक्तीचा आहे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. इथपर्यंत फारसं कुणी अडत नाही.

आता मुख्य गोष्ट. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर शिक्षणशास्त्राचे प्रबंध चाळले की एक साचा पुन्हापुन्हा दिसतो: ‘इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान संपादणुकीवर अमुक पद्धतीची परिणामकारकता’. एक तुकडी प्रायोगिक, एक नियंत्रित, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा), आणि निष्कर्ष की पद्धत परिणामकारक आहे. हा साचा निवडू नका, असं आम्ही ठामपणे सांगू. अनेक शाळांत अ तुकडी गुणांवर लावलेली असते, त्यामुळे तुलना सुरू होण्याआधीच एक बाजू जड असते. प्रायोगिक तुकडीला संशोधक स्वतः उत्साहाने शिकवतो आणि दुसऱ्या तुकडीला नेहमीचे सर नेहमीसारखं शिकवतात; मग फरक पद्धतीचा की माणसाचा, हे सांगता येत नाही. आणि ६०-६० मुलं घेतली तरी मुळात दोनच वर्ग आहेत. एका वर्गातली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. शिक्षक एक, फळा एक, गोंधळही एकच. हाच प्रकार करायचा असेल तर किमान चार-सहा शाळा घ्या, प्रत्येक शाळेत दोन्ही पद्धती ठेवा आणि शिकवायला संशोधक सोडून दुसरे शिक्षक घ्या.

त्याहून बरा प्रश्न हा की मुलं एखादी संकल्पना समजून घेताना नेमकं काय करतात. मानखुर्दच्या केंद्रातल्या कामाचा मोठा भाग या दिशेचा आहे. १९७४ साली केंद्र सुरू झालं आणि सत्तरच्या दशकातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत त्यांनी काम केलं. तिथले प्रबंध त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. विद्यापीठात नोंदणी करणाऱ्यानेही त्यातले दोन-तीन पूर्ण वाचल्याशिवाय संशोधन आराखडा लिहू नये. निष्कर्षांपेक्षा ‘साधन’ हे प्रकरण वाचा आणि मुलाखतीतल्या मुलांच्या उत्तरांचं वर्गीकरण कसं केलं आहे ते पाहा.

विषय कोल्हापुरातच मिळतो. गुऱ्हाळाचं बघा. पुस्तकात मूल शिकतं की पाणी उकळताना तापमान स्थिर राहतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापी १०० दाखवत नाही, सुमारे ९८ दाखवते, कारण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. आणि घराशेजारच्या काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, रस उकळत असतानाच त्याचं तापमान चढत जातं. पाणी उडून जातं, साखरेचं प्रमाण वाढतं, उत्कलनांक वर सरकतो, आणि गूळ उतरवायच्या वेळी तो ११८ अंशांच्या आसपास पोचतो. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटाने गोळी वळवून बघतो, तेव्हा तो हेच मोजत असतो. आता यावर एक प्रश्न तयार करा: काहिलीतला रस उकळू लागल्यावर जाळ तसाच ठेवला तर तापमानाचं काय होईल? पर्याय अ, ते १०० वर थांबेल. पर्याय ब, वाढत जाईल, कारण रस घट्ट होत जातो. पर्याय क, वाढत जाईल, कारण जाळ चालूच आहे. पर्याय ड, कमी होईल, कारण वाफ उष्णता घेऊन जाते. अ निवडणाऱ्या मुलाने पुस्तक पाठ केलं आहे. क निवडणाऱ्याने काहील पाहिली आहे, पण कारण चुकलं आहे. नुसतं ‘वाढेल की थांबेल’ असं विचारलं असतं तर ब आणि क एकाच गठ्ठ्यात गेले असते आणि हा फरक हातचा निसटला असता. असा एक प्रश्न परिणामकारकतेच्या चाळीस प्रश्नांइतकं काम करतो.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती सेमी-इंग्रजीमुळे आपल्याकडे फार तीव्र आहे. मराठी माध्यमात ‘चाल’ म्हणजे नुसतं अंतर भागिले वेळ, आणि ‘वेग’ म्हणजे विस्थापन भागिले वेळ. पण घरी, रस्त्यावर, बातम्यांत गाडीचा असतो तो ‘वेग’च. ‘रंकाळ्याभोवती ४ किलोमीटरची फेरी धरा, सायकलस्वार २० मिनिटांत निघाला तिथेच परत आला, सरासरी वेग किती?’ असा प्रश्न दिला की मराठी माध्यमातलं मूल चटकन ताशी १२ किलोमीटर लिहितं. खरं उत्तर शून्य. सेमी-इंग्रजीतल्या मुलापुढे ‘व्हेलॉसिटी’ हा शब्द येतो. त्याला बोलीतला दुसरा अर्थ नाही, म्हणून ते मूल निदान थबकतं. दोन्ही माध्यमांच्या गुणांची तुलना करून ‘सेमीची संकल्पना पक्की’ असा निष्कर्ष काढला तर तो शब्दाचा फरक असतो, समजेचा नव्हे. यावर उपाय आहे: एकाच प्रश्नात ‘चाल किती आणि वेग किती’ दोन्ही लिहायला सांगा, इंग्रजी आवृत्तीचं मराठी भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या शिक्षकाकडून उलट करून घ्या, आणि दोन्ही माध्यमांतली सहा-आठ मुलं समोर बसवून त्यांना मोठ्याने विचार करायला लावा. ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’, ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ इथेही हाच सापळा आहे.

चाचणी पक्की करण्याची रीत सोपी आहे, पण ती टाळली जाते. अंतिम २५ प्रश्न हवे असतील तर ४० पासून सुरुवात करा. नमुन्यात नसलेल्या शाळेतल्या १०० मुलांना ती द्या. गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने पेपर लावा, वरचे २७ आणि खालचे २७ वेगळे काढा. समजा एका प्रश्नाचं उत्तर वरच्या गटातल्या २२ आणि खालच्या गटातल्या १० मुलांनी बरोबर दिलं. काठिण्यमूल्य, म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण, ३२ भागिले ५४, म्हणजे ०.५९. भेदकमूल्य, म्हणजे वरच्या आणि खालच्या गटातला फरक, १२ भागिले २७, म्हणजे ०.४४. हा प्रश्न ठेवायचा. काठिण्यमूल्य ०.३ ते ०.७ आणि भेदकमूल्य ०.३ च्या वर, हा चालणारा निकष. भेदकमूल्य उणे आलं तर प्रश्न फेकण्याआधी उत्तरसूची तपासा. बऱ्याचदा तिच्यातच चूक असते. तज्ज्ञांच्या सह्या घेऊन आशयसप्रमाणता (प्रश्न हव्या त्या आशयावरच आहेत याची खात्री) झाली असं लिहिणं पुरेसं नाही. कोणत्या तज्ज्ञाने कोणता प्रश्न बदलायला लावला आणि का, याचा तक्ता परिशिष्टात द्या. परीक्षक तिथे थांबून वाचतात.

मग वेळापत्रक. शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये माहिती गोळा करावी असं कागदावर सोयीचं दिसतं. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या शाळा नमुन्यात असतील तर हे करू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शाळा बंद पडतात किंवा शाळेतच पूरग्रस्तांची सोय होते. २०१९ आणि २०२१ साली हेच झालं. पूर्वचाचणी झाली आणि उत्तरचाचणी तीन आठवडे लांबली की मधल्या काळात मूल काय विसरलं याचा हिशोब कुणालाच देता येत नाही, आणि नदीकाठची मुलं नमुन्यातून गळतात ती वेगळीच. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे सहा आठवडे चांगले. दुसरी खिडकी दिवाळीनंतरची, पण सहली, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन यांत डिसेंबर अर्धा जातो. गुऱ्हाळाचा विषय असेल तर मात्र हीच खिडकी घ्या, हंगाम तेव्हाच असतो. दहावीचा वर्ग नमुन्याला घेऊच नये. जानेवारीनंतर तो कुणी देत नाही.

परवानग्या या क्रमाने काढा: विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता, माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मुख्याध्यापकांची लेखी संमती, पालकांची सही. पालकांच्या पत्रात संशोधनाचं नाव लिहून भागत नाही. मुलाला किती वेळ बसावं लागेल, आवाज ध्वनिमुद्रित होणार का, नाव कुठे छापलं जाणार का, हे साध्या मराठीत लिहा.

प्रबंध लिहिताना मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना फार कळकळीने. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. अजूनही टायपिंगवाल्यांकडे श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. ते पडद्यावर आणि छापल्यावर सुंदर दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची रांग असते. साहित्यचौर्य तपासणारी प्रणाली ती वाचू शकत नाही, शोधगंगेवर प्रबंध शोधात सापडत नाही. शेवटी रूपांतर करायला गेलं की रफार आणि जोडाक्षरं फुटतात. ‘ऊर्ध्वपातन’ शब्दाचे तीन तुकडे झालेले दिसतात, आणि तीनशे पानांची मुद्रितं पुन्हा तपासावी लागतात. टायपिंग ठरवतानाच एक पान युनिकोडमध्ये मागून घ्या, ते मोबाइलवर उघडून त्यातला एखादा शब्द शोधून बघा. सापडला तरच काम द्या.

साहित्यचौर्याच्या तपासणीत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर अडचण नाही. १० ते ४० मध्ये आलं तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात धरत नाहीत. विज्ञान शिक्षणाच्या प्रबंधात साम्य वाढतं ते बहुधा दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, कारण जुन्या प्रबंधांतले सारांश जसेच्या तसे उचललेले असतात. मूळ लेख वाचून लिहिलं तर हा प्रश्नच येत नाही. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातून मूळ लेख मिळवता येतात का ते आधी बघा.

शहरात आराखड्यापासून प्रबंधापर्यंत ‘पॅकेज’ देणारी मार्गदर्शन केंद्रंही आहेत. त्यांना आमच्याकडून शून्य गुण. सांख्यिकी शिकवणाऱ्याला फी देण्यात गैर काही नाही, पण जिथे आकडेवारीच तयार करून मिळते तिथून आलेला प्रबंध मौखिक परीक्षेत एका प्रश्नावर कोसळतो: ‘सतराव्या प्रश्नाला मुलांनी सर्वात जास्त कोणतं चुकीचं उत्तर दिलं?’ ज्याने पेपर तपासले आहेत त्याला हे झोपेतही सांगता येतं.

प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती २०२२च्या आयोगाच्या नियमावलीत उरलेली नाही. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम पाहून घ्या. आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘यादीत आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्या मासिकाला आता काहीच आधार राहिलेला नाही. एक चांगला निबंध होमी भाभा केंद्राच्या एपिस्टीम या विज्ञान शिक्षणावरच्या परिषदेसाठी पाठवला तर त्यावर जाणत्या लोकांचे खरे अभिप्राय मिळतात.

मानखुर्दबद्दल थोडं आणखी. पूर्ण वेळ, विद्यावेतन, आणि आसपास दिवसरात्र याच विषयावर बोलणारी माणसं, हे तिथलं बळ आहे. तोटे दोन. अनुदानित शाळेतली नोकरी पाच वर्षं बिनपगारी रजेवर टिकवणं फार थोड्यांना जमतं. आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो, तर मुलं बोललेली असतात मराठीत. अशा वेळी सगळ्या मुलाखती आधी मराठीतच उतरवून, विश्लेषणही मराठी मजकुरावरच करून, उद्धृत करायच्या ओळींचंच भाषांतर करावं. नाहीतर ‘ते गरम गरम लागतंय की’ या वाक्यातला उष्णता आणि तापमान यांचा घोळ भाषांतरातच सुधारला जातो. प्रवेशाच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून सीएसएमटीला उतरावं आणि हार्बर लाइनने मानखुर्द गाठावं.

मुदतीचा हिशोब शेवटी बघितला जातो, खरं तर तो आधी बघावा. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. अर्धवेळ शिक्षकाने पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि आराखड्याला, दुसरं पूर्ण चाचणी बनवायला, तिसरं माहिती गोळा करायला आणि चौथं लिहायला धरलं, तर पुरामुळे एक हंगाम वाया गेला तरी मुदतीत बसतं. चाचणीचं वर्ष कापून वेळ वाचवणारे पुढे लिहिण्यात दोन वर्षं घालवतात, कारण हातातल्या आकड्यांतून काहीच निघत नाही.

प्रबंध दिल्यावर मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तो तपासतात आणि सगळं मूल्यमापन सहा महिन्यांत उरकायचं असतं. मौखिक परीक्षा खुली असते. ज्या शाळांनी आपले वर्ग दिले त्यांच्या विज्ञान शिक्षकांना तिचं आमंत्रण द्या, आणि जाताना चाचणीची एकेक प्रत व त्यांच्या वर्गाच्या उत्तरांचा तक्ता त्यांच्या हातात द्या. पुढच्या जूनमध्ये ‘गतीचे नियम’ शिकवताना तो त्यांना लागतो.